उसनं मुलगेपण

गेल्या श्रावणात आमच्या चुलतभावाच्या सुनेची पहिली मंगळागौर होती. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं जुनं घर, मधल्या चौकातल्या फरश्या स्वच्छ पुसलेल्या, भिंतीला लागून वडीलधाऱ्या बायकांच्या खुर्च्या. ग्वाल्हेरला शेजाऱ्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. त्यांचे झुले निम्मे उतरतात तेव्हा आपले खेळ सुरू होतात, म्हणून शेजारच्या भाभीही हौसेनं येऊन बसल्या होत्या. फुगडी झाली, झिम्मा झाला, लाट्या बाई लाट्या झालं. मग कुणीतरी बसफुगडी काढली. उकिडवं बसायचं, उड्या घेत आळीपाळीनं एकेक पाय पुढे फेकायचा आणि तोल जाऊ द्यायचा नाही. बघायला गंमत वाटते, पण दहाव्या फेकीला मांड्या पेटतात. पंचविशीतिशीच्या आमच्या सुना हसत हसत एकेक करून खाली बसल्या. उरली ती माझ्या भावाची मुलगी, वय वर्षं दहा. परकर खोचलेला, ओठ आवळलेले. बायका मोजत होत्या. चाळिसाव्या फेकीला ती थांबली, टाळ्या पडल्या आणि खुर्चीतल्या सगळ्यांत थोर काकू कौतुकानं म्हणाल्या, "मुलगाच आहे अगदी!"

सगळ्या हसल्या, भाचीही हसली. रात्री अंथरुणावर मात्र तिनं मला विचारलं, "आत्या, पण बसफुगडी मुलगे कुठे खेळतात?"

मी तेव्हा काही उत्तर दिलं नाही. ज्या खेळाला आजवर कुणा पुरुषाचा पाय लागला नाही, तो खेळ एखादी मुलगी उत्तम खेळली तरी तिला शाबासकी 'मुलगा' म्हणून मिळते. दहा वर्षांच्या मुलीच्या हे ध्यानात आलं आणि माझं अर्धं आयुष्य गेलं तरी माझ्या आलं नव्हतं. हा लेख त्या प्रश्नापायी लिहिते आहे.

भाचीच्या पायांत तो जोर कुठून आला, ते मला ठाऊक होतं. त्याआधीचे पाच-सहा महिने ती रोज संध्याकाळी गच्चीवर अनवाणी उभी राहायची. पाय फाकवलेले, गुडघे वाकवलेले, घोड्यावर मांड ठोकावी तशी बैठक. तिला हे वेड लावलं 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या मालिकेनं. अमेरिकेत २००५ ते २००८ या काळात आलेली ही एकसष्ट भागांची अॅनिमेशन मालिका. तिच्या जगात काही माणसांना पाणी, पृथ्वी, अग्नी किंवा वायू यांपैकी एका तत्त्वावर हुकमत असते आणि त्या त्या विद्येच्या हालचाली खऱ्या चिनी युद्धकलांवर बेतलेल्या आहेत. पृथ्वीविद्येची बैठक हंग गार नावाच्या शैलीतून आली: पाऊल जमिनीत रुतलेलं, कंबर खाली, घाई नाही. माझ्या भाचीची लाडकी टॉफ बायफाँग ही त्याच विद्येतली, पण तिची शैली निराळी. ती प्रार्थनाकीटकाच्या हालचालींवरून निघालेल्या एका दक्षिण चिनी शैलीवरून घेतलेली. मालिकेतले इतर पृथ्वीवाले एका धाटणीचे आणि टॉफ दुसऱ्या, हे भाचीनंच मला दोन वेळा करून दाखवलं.

टॉफ बारा वर्षांची आहे, जन्मांध आहे आणि गडगंज श्रीमंतांची एकुलती एक मुलगी आहे. आईबाप तिला इतकं जपतात, की गावात कुणाला या घराण्याला मुलगी आहे हेही माहीत नाही. विद्या ती शिकली आंधळ्या, बिळं खणणाऱ्या प्रचंड प्राण्यांकडून. जमिनीतली थरथर तळपायांनी वाचायची आणि त्यावरून कोण कुठे उभं आहे ते ओळखायचं. रात्री घरातून निसटून ती कुस्त्यांच्या फडासारख्या एका दंगलीत उतरते आणि तिच्या चौपट देहाच्या गड्यांना लोळवते. शेवटी हे बापाला कळतं. पोरीचं कसब त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं आणि तरी तो काय ठरवतो? आपण हिला फार मोकळीक दिली. आता दिवसरात्र पहारा.

पहिल्यांदा हा भाग भाचीबरोबर बघताना मी उठून स्वयंपाकघरात गेले होते. मी शाळेत खो-खो खेळायचे आणि चांगली खेळायचे. बाबा मला स्कूटरवरून मैदानावर सोडायचे, दोरीबाहेर उभे राहून बघायचे, आणि भेटेल त्याला सांगायचे, "ही माझी मुलगी नाही, मुलगाच आहे." हे ऐकताना माझी छाती फुलायची. आठवीच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी खेळाची निकर कपाटात जागेवर सापडली नाही. आईनं सांगितलं, बाबा म्हणतायत आता पुरे. मी बाबांना विचारलं, "पण मी तर तुमचा मुलगा ना?" बाबांनी पेपरचं पान उलटलं. ते वाईट नव्हते. त्यांच्या परीनं त्यांनी मला चौदा वर्षं मोठी चैन करू दिली होती. पण ते मुलगेपण उसनं होतं आणि उसनं दिलेलं परत मागता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. धावणं माझं म्हणून मिळालं असतं, तर ते काढून घेताना बाबांना काहीतरी कारण द्यावं लागलं असतं. 'मुलगा' म्हणून मिळालं होतं, म्हणून पदर आला की आपोआप संपलं.

'मुलगाच आहे' या कौतुकाला माझा आक्षेप हा आहे. इंग्रजीतून आलेला 'टॉमबॉय' हा शब्द आता आमच्या घरांत रुळला आहे. तो ऐकायला गोड लागतो, पण त्याच्या पोटातही 'बॉय'च आहे आणि त्यालाही तीच मुदत आहे. टॉमबॉय ही लहान मुलगी असते. तीस वर्षांच्या बाईला कुणी लाडानं तसं म्हणत नाही.

भाषेचं काय करायचं, हा प्रश्न मोठा आहे. आपल्याकडे शौर्याचे शब्दच पुरुषांच्या घरचे आहेत: मर्दुमकी, पुरुषार्थ, पौरुष. भेकडाला आपण विचारतो, हातात बांगड्या भरल्यात का? आणि आम्ही ग्वाल्हेरकर तर या बाबतीत थेट इतिहासाच्या दारात राहतो. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई इथेच, कोटा की सराय इथल्या लढाईत, घोडेस्वाराच्या पोशाखात लढताना पडल्या. फुलबागेत त्यांची समाधी आहे, दर जूनमध्ये तिथे बलिदान मेळा भरतो. लहानपणी बिठूरला दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला असलेल्या मोरोपंत तांब्यांची ही मुलगी घोड्यावर बसायला आणि तलवार चालवायला शिकली. आजच्या भाषेत तिला टॉमबॉय म्हणून मोकळे झाले असते. ज्या इंग्रज सेनापतीनं तिचा पराभव केला त्या ह्यू रोझनं तिला बंडवाल्यांतली सर्वांत शूर सेनानी म्हटलं आणि त्यांच्यातला 'पुरुष' ठरवलं, असं सांगतात. शत्रूचं एक वेळ सोडून देऊ. पण आमच्या शाळांत पोरींना टाचा जुळवून जी कविता म्हणायला लावतात, तिच्या ध्रुवपदातही 'मर्दानी' आहे. ती लिहिणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान स्वतः स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेल्या होत्या, त्यांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. मी स्वतः ती कविता शंभर वेळा म्हटली आहे आणि आजही तिनं अंगावर काटा येतो. ती बदला असं मी म्हणणार नाही. पण ती शिकवताना एकदा तरी वर्गाला विचारावं, की ज्या बाईनं झाशी लढवली, जी आई होती आणि राज्याची कारभारीण होती, तिच्या शौर्याला नाव द्यायला मर्दाचा शब्द का लागला? इंदूरच्या भीमाबाई होळकर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत घोड्यावरून लढल्या. एकीबद्दल आपण 'अपवाद' म्हणतो, दुसरीबद्दलही 'अपवाद' म्हणतो, आणि मांड ठोकून बसायला कुणीतरी त्यांना शिकवलं होतं, हे विसरून जातो.

टॉफकडे परत येते, कारण या मालिकेनं जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. तिच्या जन्माची हकिकत अशी, की हे पात्र आधी मुलगा म्हणूनच योजलेलं होतं, दणकट देहाचा एक पोरगा. मुख्य लेखक आरन एहास यांनी आग्रह धरला, की हिला मुलगी करा. निर्मात्यांना ते पटायला वेळ लागला. मग २००६ मध्ये दुसऱ्या पर्वात ती आली, आणि आज त्या मालिकेतून तिला काढून बघा, मालिका लंगडी होते. मुलगी केल्यावर त्यांनी तिला मऊ केलं नाही. ती फटकळ आहे, थुंकते, ढेकर देते, अंगावरची माती धूत नाही आणि वर म्हणते की हा मातीचा आरोग्यदायी लेप आहे. तिला सुधारायला कुणी राजपुत्र येत नाही. शेवटच्या भागापर्यंत ती तशीच राहते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे टॉफला मोठं करण्यासाठी इतर मुलींना लहान केलेलं नाही. तिच्याच चमूतली कटारा केस निगुतीनं विंचरते, फाटलेले कपडे शिवते, सगळ्यांना जेवू घालते, जखमा बऱ्या करते. तीच कटारा, बायकांना फक्त औषधोपचार शिकवू, लढाई नाही, असं म्हणणाऱ्या गुरूला भर चौकात आव्हान देते. एका भागात ती टॉफला सजायला घेऊन जाते, दोघी रंगरंगोटी करून मजेत फिरतात, आणि पुलावर काही मुली टॉफच्या चेहऱ्यावरून टोमणे मारतात. ती हसून त्यांचा समाचार घेते. नंतर तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. आपण दिसतो कशा हे आपल्याला माहीत नाही, आणि त्याची पर्वाही नाही, असं ती म्हणते, पण पाणी थांबत नाही. माझ्या भाचीनं तो भाग चार वेळा पाहिला, दंगलीचा भाग तितक्या वेळा नाही पाहिला. राकट मुलीला रडू येऊ शकतं आणि रडली म्हणून तिचा राकटपणा खोटा ठरत नाही, हे आमच्या घरात एवढ्या सरळपणे कुणी तिला सांगितलं नसतं. मुलग्यांनाही ते कुणी सांगत नाही. 'मुलगाच आहे' हे मुलीचं कौतुक, पण 'मुलगीच आहे' ही मुलाला शिवी. माझा भाचा पोळ्या लाटायला बसला की आजोबा पाठ फिरवतात. दोन्ही एकाच मापानं मोजलेलं आहे. त्याच मालिकेत सोक्का नावाचा पोरगा मुलींच्या पथकाची टर उडवतो, मार खातो, आणि मग गुडघे टेकून शिकवा म्हणतो, त्यांच्यासारखा झगा घालतो, तोंड रंगवतो. भाचा तिथे हसला. पण पुढे हातात पंखा घेऊन त्याच उड्या त्यानंही मारल्या.

आता आक्षेप. पहिला माझ्या वहिनीचाच आहे आणि तो खोटा नाही: ही पोर त्या कार्टूनमुळे उलट बोलायला लागली आहे, हातपाय धुवायचा कंटाळा करते. खरं आहे. थुंकली तर मी तिला रागावते. पण तिचा भाऊ थुंकला तरी तेवढंच रागवायचं, हे आम्ही दोघींनी ठरवलं आहे. 'मुलीच्या जातीला शोभत नाही' हे कारण बंद. घाण होते, लोकांना त्रास होतो, हे कारण दोघांना पुरतं.

दुसरा आक्षेप मला जास्त सतावतो, तो भाचीनंच काढला. मालिकेच्या शेवटाकडे एक नाटक येतं. त्यात या चमूची पात्रं रंगवली आहेत आणि टॉफचं काम एक दांडगा, पिळदार पुरुष करतो. बाकीचे आपापली नक्कल बघून वैतागतात, टॉफ मात्र जाम खूश होते. "मग तिला आवडतंच ना, मुलगा म्हटलेलं?" भाचीचा सवाल. मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, बारा वर्षं जिला काचेच्या बाहुलीसारखं कपाटात ठेवलं, तिला पहिल्यांदा स्वतःचा प्रचंड देह दिसला, त्याचा तो आनंद आहे. मीही स्कूटरवर मागे बसून तसाच आनंद घेतला होता. तो आनंद खोटा नव्हता. पण तो मिळायला दुसरं रूप घ्यावं लागतं, हे दुखणं त्यानं जात नाही. मुलींना मोठं, जड, आवाजी असण्याची चित्रंच इतकी थोडी दाखवली जातात, की मोठं व्हायचं म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहतो. अर्थात काही मुलांना खरोखरच मुलगी किंवा मुलगा हे नाव जाचतं. त्यांचं म्हणणं निराळं आहे आणि ते त्यांच्याकडूनच ऐकावं. मी बोलते आहे ते आपण मोठी माणसं न विचारता जी पदवी चिकटवतो तिच्याबद्दल.

चित्रं थोडी का, याचं कारण बाजारात आहे. मुली मुलग्यांच्या गोष्टी बघतात, मुलगे मुलींच्या बघत नाहीत, हे वाहिन्यांचं जुनं गृहीतक. याच निर्मात्यांनी पुढे कोरा नावाच्या मुलीला नायिका करून २०१२ मध्ये नवी मालिका आणली, तेव्हा वाहिनीतल्या काही जणांना हीच धास्ती होती. आधी मुलांना दाखवून बघितलं, तर मुलगे म्हणाले, ती मुलगी आहे याचं आम्हाला काही नाही, ती भारी आहे. धास्ती मोठ्यांची होती. आपल्याकडे 'छोटा भीम' २००८ पासून घराघरात आहे. लाडू खाल्ला की ताकद भीमाला येते, आणि ते लाडू त्याला चुटकी देते. चुटकी मला आवडते. पण लाडू तिच्याच आईचे असताना तिनं स्वतः एक खाऊन डोंगर उचलावा, असं कुणाला का सुचत नाही? हे दुसऱ्या कुणी येऊन करायचं काम नाही. आपल्याच लिहिणाऱ्यांनी हे काम हाती घ्यावं.

ज्यांना वाटतं, हे सगळं कार्टूनपुरतं, त्यांनी आमच्या रूपसिंग मैदानावर यावं. २४ फेब्रुवारी २०१० रोजी तिथे सचिन तेंडुलकर यांनी नाबाद २०० केल्या. एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक आमच्या गावात झालं, हे ग्वाल्हेरचं प्रत्येक पोर सांगतं, मीही अभिमानानं सांगायचे. पुरुषांच्या सामन्यांतलं पहिलं, असं म्हणायला हवं. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्क यांनी १६ डिसेंबर १९९७ रोजी, विश्वचषकात, डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केल्या होत्या, तेही मुंबईत. बारा वर्षं आधी! त्यानं तसूभरही कमी होऊ नये एवढी सचिन यांची खेळी थोर आहे. पण मुलीनं काही केलं की ते मोजायचंच नाही, आणि मोजावंच लागलं तर 'मुलगाच आहे' म्हणून मुलग्यांच्या खात्यात जमा करायचं, हा एकच हिशेब मला दोन्हीकडे दिसतो. याच शहरात १९५७ साली, सत्तावनच्या लढ्याला शंभर वर्षं झाली म्हणून, शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय निघालं आणि त्याला नाव दिलं लक्ष्मीबाईंचं. देशभरच्या मुलांनी आणि मुलींनी अंग कसायचं ते एका बाईच्या नावाखाली. इतकी मोठी गोष्ट आपण केली आहे आणि घरातल्या चौकात मात्र बसफुगडी खेळणाऱ्या पोरीला देण्यासारखं नाव आपल्याला सापडत नाही.

शब्द नाहीत असं नाही. काटक आहे, धीट आहे, चपळ, तडफदार. 'खमकी' तर असा शब्द, की तो उच्चारला की डोळ्यांपुढे बाईच येते. टॉफची एक गोष्ट मला या शब्दावरून आठवते. तिचा मित्र तिला आकाशातून पडलेल्या धातूचा तुकडा देतो, तो ती दंडावर वळवून घालते. दागिनाही तोच आणि हवं तेव्हा हत्यारही तोच. आणि धातू वाकवायची विद्या, जी तिच्या जगात कुणालाच येत नव्हती, ती तिला सापडते कुठे? बापानं तिला परत आणायला पाठवलेली माणसं तिला लोखंडी पेटीत कोंडतात, तेव्हा. पेटीच्या पत्र्यावर हात टेकून ती त्यातला मातीचा अंश शोधत बसते.

मंगळागौरीनंतर आठवड्यानं मी काकूंकडे गेले होते. बोलता बोलता भाचीचा प्रश्न त्यांना सांगितला, जरा भीतभीतच. बहात्तर वर्षांच्या बाईला तुमचं कौतुक चुकलं असं कसं म्हणायचं? त्या बराच वेळ वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "खरंय गं. मला बसफुगडी माझ्या सासूनं शिकवली. तिच्या पायांत माझ्याहून जोर. तिला कुणी मुलगा म्हटलेलं मला नाही आठवत."

"मग काय म्हणत होते?"

"म्हणत होते, हिच्या पायांत जोर आहे."

पुढच्या मंगळवारी दुसऱ्या घरी खेळ होते. भाचीनं परकर खोचला आणि बसली. पाच-सहा फेकी झाल्या असतील, तोच काकू खुर्चीतून उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून तिच्याशेजारी वाकल्या आणि म्हणाल्या, "पोरी, टाच टेकवतेस तू. चवड्यावर घे, चवड्यावर. साठपर्यंत जाशील."